हिरव्यातलं वजन

नर्सने समराला वजनकाट्यावर उभं केलं, तशी तानाबाई स्टुलावरून उठली आणि न राहवून आकड्याकडे वाकली. साडेसात किलो. बावीस वर्षं अंगणवाडी चालवलेल्या बाईला त्याचा अर्थ कुणी सांगावा लागत नाही. सव्वादोन वर्षांच्या पोरीचं वजन साडेसात म्हणजे कुपोषणाचा लाल पट्टा, तोही पार तळाचा. आणि महिन्यापूर्वी हीच पोर अंगणवाडीच्या काट्यावर पावणेदहा भरली होती. तानाबाईने स्वतःच्या हाताने कार्डावर हिरव्यात ठिपका दिला होता.

“सव्वादोन किलोची गाठ निघाली पोटातून,” नर्स म्हणाली. “नुसती चरबी. कॅन्सरबिन्सर काही नाही. लहान मुलांत क्वचितच होते अशी. नशीब काढलं पोरीनं.”

नर्स गेली. नशीब कसलं डोंबलाचं! त्या गाठीसकट तानाबाई महिनोन्‌महिने पोरीचं वजन लिहीत आली होती.

समराची आई सना दर महिन्याला सांगायची, “बाई, ही दोन घासांच्या वर खातच नाही.” आणि तानाबाई हसून म्हणायची, “अगं, मग हवा खाऊन वजन वाढतंय व्हय? पोरगी हिरव्यात हाय. पहिलटकरणीला असंच वाटतं.” सासू नूरबी नातीच्या पोटावरून हात फिरवत “आमची शेठाणी” म्हणायची आणि सगळ्याजणी खिदळायच्या. पोरीचे काटकुळे पाय तानाबाईला दिसले नव्हते असं नाही. दिसले होते, पण तिने कार्ड पाहिलं आणि पुढचं लेकरू काट्यावर घेतलं. मग तापासाठी दवाखान्यात नेल्यावर तिथल्या डॉक्टरांनी पोटावर हात ठेवला आणि लगेच सोनोग्राफी लिहून दिली.

इस्पितळात येताना नवी पेठेच्या गर्दीत रिक्षा अडकली तेव्हा तानाबाईने आपलं वाक्य तीनदा मनात म्हणून पाहिलं होतं. सनाने चार शिव्या घालाव्यात, नाहीतर तुमची चूक नाही असं तरी म्हणावं. दोन्हीपैकी काहीतरी ऐकल्याशिवाय तिला घरी जाववणार नव्हतं.

“सना, माझं चुकलं गं. काट्याचं ऐकलं, तुझं न्हाय ऐकलं.”

सना डबा उघडत होती. “पोटातलं कुणाला दिसतं, बाई?”

तानाबाईला हायसं वाटलं. तसं वाटल्याची लाजही वाटली.

“आता भूक लागते तिला. सकाळपासून दोनदा मागितलं,” सना म्हणाली. वाटीत खिमट कालवून ती लेकीसमोर बसली. “मुँ खोल, बेटा.”

समराने तोंड उघडलं. पण त्याआधी तिने डोळे घट्ट मिटले, मान खांद्यात ओढली आणि एक हात गालावर दाबून धरला. घास गिळला. दुसरा घास आला, पुन्हा तेच. डोळे बंद, गालावर हात, तोंड उघडं.

टाके दुखत असतील, तानाबाईला वाटलं. तिसऱ्या घासाला मात्र ती त्या गालावरच्या हाताकडे बघत राहिली.

सनाचा हात थांबला. “वजन चांगलं आहे, तुम्ही म्हणायचात,” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. “मग मला वाटायचं, नाटकं करतेय. सगळ्यांची लेकरं खातात, हिलाच काय धाड भरलीय? नाक दाबून भरवलं मी तिला. मारलंसुद्धा. रोज मारलं, बाई. तिच्या पोटात जागाच नव्हती की हो.”

समरा डोळे मिटून, तोंड उघडं ठेवून घासाची वाट बघत होती.

सनाने वाटी पुढे केली. “तुम्ही भरवा.”

“अगं, आई हायेस तू तिची.”

“तुम्ही भरवा, बाई. तुमच्या हाताला ती कधी भ्याली नाही.”

तानाबाईने वाटी घेतली आणि घास पोरीच्या ओठांना लावला. समराने एक डोळा उघडला, मग दुसरा. समोर कोण आहे ते नीट पाहून तिने गालावरचा हात खाली घेतला, तानाबाईचं मनगट धरलं आणि भराभर खाऊ लागली. सना उठून खिडकीशी गेली. वाटी रिकामी होईपर्यंत तिने मागे वळून पाहिलं नाही.