टॉवेलने कोणती आज्ञा मोडली?

जुन्या गोदामाच्या त्या हॉलमध्ये मुंगीला शिरायला जागा नव्हती. व्यासपीठावर काचेचं भांडं, त्यात नितळ पाणी. माणसं एकेक करून पुढे येत, पास्टरच्या बायकोने दिलेल्या टॉवेलला हात पुसत आणि पाण्यात बुडवत. पाणी स्वच्छ राहिलं की टाळ्यांचा कडकडाट. लाल झालं की हॉल चिडीचूप. मग भांडं रिकामं करून जगमधून पुन्हा भरायचं, की पुढचा पापी हजर.

"देवावरचं प्रेम तोंडाने सिद्ध होत नाही, आज्ञापालनाने होतं!" पास्टर माइकवर गरजले. "देवाची आज्ञा देवाचा सेवक सांगतो. सेवकाला नाही म्हणालात, तर देवाला नाही म्हणालात!"

किती सोयीची साखळी! वर देव, खाली आपण, आणि मधल्या कडीला हे गृहस्थ लोंबकळलेले.

मी शाळेत रसायनशास्त्र शिकवतो. एरवी इथे पाऊलही टाकलं नसतं. पण पुढच्या रांगेत माझी ताई बसली होती आणि तिच्या खांद्यावर मान टाकून माझी भाची. पोर लहानपणापासून इन्सुलिनवर जगते. पास्टरची आज्ञा होती, सुई बंद, फक्त विश्वास. ताईने ती पाळली नाही, तर मागच्या रविवारी तिचं पाणी लाल झालं. त्या धक्क्याने, आजच्या परीक्षेसाठी, तिने कालपासून खरोखरच सुई थांबवली होती. हे मला शेजारणीने फोन करून सांगितलं, तसा मी धावत आलो.

"मामा, पाणी दे ना," भाची पुटपुटली. ओठ कोरडे, श्वास धापा टाकल्यासारखा. साखर चढल्याचीच ही लक्षणं.

"ताई, ऊठ. आत्ताच्या आत्ता दवाखान्यात."

"एवढी परीक्षा होऊ दे रे. आज पाणी स्वच्छ राहिलं की ती बरी होणार."

"तू सुई देत होतीस हे त्यांना कळलं कसं?"

"देवाने दाखवलं त्यांना."

"आणि तू कुणाला सांगितलं होतंस?"

"कुणालाच नाही. म्हणजे, दाराशी त्यांच्या मिसेसना. त्या किती मायेने विचारतात सगळ्यांना."

घ्या! देवाचा टेलिफोन दाराशीच होता.

पोरीला उचलून नेलं असतं, पण ताई मिठी सोडेना. मी व्यासपीठाकडे पाहिलं. बाईंच्या हातावर दोन टॉवेल होते, एक पांढरा आणि एक निळ्या काठाचा. निळ्या काठाचा ज्याच्या वाट्याला आला, त्याचं पाणी लाल. माझं डोकंच फिरलं.

मी तरातरा वर चढलो, निळ्या काठाचा टॉवेल हिसकावला आणि अख्खा भांड्यात कोंबला. पाणी लालभडक झालं.

"पास्टर, टॉवेलने कोणती आज्ञा मोडली?"

मागे कुणीतरी फिसकन हसलं.

"सैतान आहे हा! याचं देवावर प्रेम नाही, म्हणूनच..."

"नसेल माझं. पण बुडाला टॉवेल." मी लोकांकडे वळलो. "पाण्यात फिनॉल्फ्थॅलिन नावाचं औषध आहे आणि या टॉवेलला धुण्याचा सोडा. दोन्ही भेटले की हा रंग येतो. माझ्या वर्गातली पोरं दर वर्षी हा चमत्कार करतात. अजून एकही संत झालेलं नाही."

आता ताई उठली. "पास्टर, मी पवित्र पुस्तक रोज वाचते. त्यातली आज्ञा आहे एकमेकांवर प्रेम करण्याची. माझ्या लेकीची सुई बंद करा, असं कुठे लिहिलंय? दाखवा."

पास्टर पानं उलटू लागले. ताई थांबली नाही. लेकीला उचलून ती माझ्याआधी दाराबाहेर पडली.

डॉक्टरांनी आम्हा दोघांनाही फैलावर घेतलं. संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर पोर हातची गेली असती, म्हणाले. ताई कितीतरी वेळ रडत होती. मला मात्र तो पास्टर आठवून दात-ओठ खावेसे वाटत होते. आईच्या मायेला तो देवाशी बेइमानी म्हणत होता.

ताई आजही प्रार्थना करते. आधी सुई, मग प्रार्थना. देवावर प्रेम करायचं की नाही, ते तुमचं तुम्ही ठरवा. पण प्रेमाच्या नावाखाली कुणी तुमच्यावर हुकूम सोडू लागला, तर मान डोलावण्याआधी त्याला पुरावा मागा. आणि हो, टॉवेल आपला घरचा न्या.