झेंडूची माळ घातलेली मोटरसायकल

साहेब, तुम्ही एका धडधाकट माणसाच्या मोटरसायकलचं तेरावं घालायला निघाला होतात. दार वाजवलं नाहीत, विचारलं नाहीत. थेट टाकीवर पिवळं स्टिकर चिकटवलंत: मालक बेपत्ता, वाहन बंद, शुक्रवारी सकाळी भंगारात. उइटहॉर्न या डच गावातल्या त्या इमारतीची देखभाल तुमच्याकडे आहे. कोण जिवंत आणि कोण मेलं हेही तुम्हीच ठरवणार का?

मेलं कोणी नव्हतं. दसरा होता.

गुरुनाथने पहिल्यांदाच मोठी मोटरसायकल घेतली होती. सेकंडहँड, निळी, आणि बायकोपेक्षा जास्त वेळा पुसली जाणारी, असं बायकोचं म्हणणं. त्या बायकोने, ऋजुताने, पार्किंगमध्येच गाडीची यथासांग पूजा केली. हळदकुंकू, उदबत्त्या, हँडलला झेंडूची जाडजूड माळ, चाकापुढे नारळ. पूजा झाली आणि गुरुनाथ ऑफिसच्या ट्रेनिंगला द हेगला गेला, तो आठवडाभर तिकडेच.

इकडे झेंडू सुकले. तळमजल्यावरच्या हान्नेके आजींनी बघितलं, मोटरसायकल आहे, फुलं आहेत, चालवणारा पोरगा मात्र दिसत नाही. तिथे रस्त्याकडेला फुलं दिसली की समजायचं, कोणीतरी अपघातात गेलं. आजींनी मेणबत्ती लावली. त्यांचं बघून दुसऱ्या मजल्याने लावली. मग सगळ्या इमारतीला कढ आला. कोणी टेडी आणून बसवला, कोणी कार्ड ठेवलं, "फार लवकर गेलास." जिवंतपणी यातल्या एकानेही लिफ्टमध्ये गुरुनाथकडे बघून मान हलवली नव्हती. वरून बघणाऱ्या ऋजुताला वाटलं, लोक तिच्या पूजेतच भाग घेताहेत.

गुरुनाथ परत आला आणि स्वतःच्या शोकसभेत बॅग घेऊन उभा राहिला. स्टिकर वाचून त्याने तुम्हाला फोन केला. तुम्ही म्हणालात, चालू करून दाखवलीत तर वाहन, नाही तर भंगार. तो म्हणाला, "त्यात काय, आत्ता करतो." किल्ली फिरवली, स्टार्टर दाबला. गाडीने साधं टिकदेखील केलं नाही.

शुक्रवारी सकाळी जवळच्याच डीमन गावाहून मोरेश्वर मल्टिमीटर घेऊन आला. हा त्याचा कॉलेजचा मित्र. पुण्यात याने दोन मोटरसायकली खोलल्या होत्या. जोडली एकही नव्हती, पण त्यामुळे त्याच्या आत्मविश्वासाला कधी ओरखडा पडला नाही. कानात हेडफोन, ऑफिसची मीटिंग म्यूटवर.

"गुऱ्या, बॅटरी गेलीय."

"मोजून तरी बघ, मग बोल."

मोजली. बारा पॉइंट सहा व्होल्ट, ठणठणीत. हेडलाइट लख्ख, हॉर्न खणखणीत, न्यूट्रलचा हिरवा दिवा लागलेला. फ्यूज काढून उजेडात धरले, एकही जळलेला नाही. क्लच दाबून बघितला, स्टँड वर करून बघितलं.

"मग स्टार्टरचा रिले," मोरेश्वर म्हणाला, आणि त्याने रिलेच्या दोन जाड टोकांवर सरळ स्क्रूड्रायव्हर आडवा टेकवला. ठिणगी उडाली, इंजिन घुर्र घुर्र फिरलं. फिरलं, पण पेटलं नाही. गॅलरीतल्या लोकांनी छातीवर हात ठेवले. त्यांना वाटलं, ही या लोकांकडची काहीतरी अंत्यविधीची पद्धत असावी.

"म्हणजे मोटर चांगली, बॅटरी चांगली. मग स्पार्क कोण अडवतंय?" गुरुनाथ म्हणाला.

"ECU गेला. मेंदूच गेला रे. आता काही होणे नाही." मग हेडफोनला हात लावून मोरेश्वर इंग्रजीत म्हणाला, "येस, आम्ही मुळापर्यंत पोचलोय." मीटिंगमधल्यांचं समाधान झालं.

वरून ऋजुता ओरडली, "अहो, तो भंगाराचा ट्रक वळतोय कोपऱ्यावर."

गुरुनाथने टाकी दोन्ही हातांनी धरून ठेवली. तेवढ्यात हान्नेके आजी कॉफी घेऊन आल्या आणि त्याच्या खांद्यावर थोपटू लागल्या.

"तुझा भाऊ होता का रे?"

"आजी, ही गाडी माझी आहे. मीच आहे तो."

"हो हो, तो तुझ्यातच राहणार आता," आजी म्हणाल्या. मग त्यांची नजर हँडलच्या उजव्या बाजूला गेली आणि त्या दोन पावलं मागे सरल्या. "अरे देवा, रक्त पुसलंसुद्धा नाही कोणी."

"रक्त नाही हो, कुंकू आहे ते." आता गुरुनाथचं डोकं फिरलं. खिशातला रुमाल काढून तो त्यांच्यासमोर ते थापलेलं कुंकू रगडून पुसायला लागला. रगडता रगडता बोटाखाली काहीतरी टक्क वाजलं आणि सीटखालून झूंऽऽ असा आवाज आला. पेट्रोलचा पंप जागा झाला होता.

दोघे मित्र वाकून बघत राहिले. इंजिन बंद करायचं लाल बटण. पूजेच्या वेळी ऋजुताने भक्तिभावाने त्यावर कुंकवाचा अंगठा टेकवला होता, बटण ऑफ झालं होतं, आणि लालावर लाल बसल्यामुळे दोन इंजिनिअरांना दिसलं नव्हतं.

"मी सगळ्याला लावलं होतं," ऋजुता वरून म्हणाली. "एकालाच लावायचं आणि एकाला नाही, असं असतं का?"

गुरुनाथने स्टार्टर दाबला. गाडी एका दमात पेटली. हान्नेके आजी रडल्या. मोरेश्वर म्हणाला, "मला आधीपासून शंका होतीच."

आणि तेव्हा साहेब, तुम्ही ट्रकमधून उतरलात. चालू गाडी बघितलीत, स्वतःच्या हाताने स्टिकर खरवडून काढलंत आणि म्हणालात, वाहन जिवंत आहे, नेता येणार नाही. गुरुनाथ हेल्मेट आणायला वळला, तर तुम्ही त्याला थांबवलंत. या मेणबत्त्या, फुलं, कार्डं रहिवाशांची आहेत, शोकस्थळ तीन महिने कोणी हलवायचं नाही, तुमचा नियम. गाडी मधोमध, मेणबत्त्या चहूबाजूंनी, आणि तुम्ही ट्रक घेऊन निघून गेलात.

गाडी अजून चालू आहे. बंद केली आणि पुन्हा पेटली नाही तर पुन्हा भंगार, म्हणून बंद करायची त्याची हिंमत होत नाही. टाकीतलं पेट्रोल संपत आलंय. शोक कोणाचा चाललाय ते सांगा, आणि त्याने ती बाहेर कुठून काढायची तेही सांगा. गुरुनाथ तिथेच उभा आहे, त्याला उत्तर द्या.