हळदीकुंकवाची कार्डं

"आबा, तुमच्या बँकेचे कार्ड चिवडा खायले असतात काय?"

वर्गातल्या वच्छलाची पैज होती, हे घरी विचारून दाखव. मी विचारलंच! वक्तृत्वात पहिली आल्यापासून मी कोणाला भीत नाही. वर दप्तरातून ते कार्डही काढून आबांच्या ताटापाशी धरलं. शाळेसमोर चिवड्याची गाडी लावणाऱ्या नत्थुजीने कच्च्या चिवड्यात चमचा म्हणून खोचलेलं. त्यावर खात्याचा नंबर, नाव, खाली सही: जमुनाबाईची, आमचे गणवेश शिवते तिची. कोपऱ्यात हळदीचं बोट.

आबांचा घास हातातच राहिला.

"कुठी भेटलं तुले हे?"

आबा पेठेतल्या सहकारी बँकेत कारकून. खातेदारांच्या सह्यांची कार्डं त्यांच्याच कुलपात. सही कार्डाशी जुळली की पैसे मिळतात. दिवाळीनंतर नवी कार्डं करायला घेतली, सह्या त्याच; होळीला ती पुरी झाली, तेव्हा साहेबांनी जुनी जाळायला सांगितली. आबांनी ती न्हाणीच्या चुलीत घालायला घरी आणली.

"म्याच जाळू देल्ले नाई," आई पुटपुटली. "दरसाल लक्ष्मीपूजनाले हळदकुंकू वाहिलेले. लक्ष्मीले चुलीत घालता काय?"

मग आबांनी निर्माल्यासारखा गठ्ठा फडक्यात बांधून मोर्णा नदीत सोडला, आणि साहेबांना सांगितलं, जाळली.

पण उन्हाळ्याच्या तोंडाशी मोर्णेत पाणी कुठलं!

आबा अनवाणीच नत्थुजीकडे धावले, मागे मी.

"गोट्यायले अडकून होतं गठुडं," नत्थुजी हसून म्हणाला. "वाळवले. मस्त कडक कागद, खुशालराव! अजून हायेत काय?"

"बाकीचे कुठी हायेत?"

"संपले ना बजारात."

आबांनी गाडीवरचा चिवडा उपसून पाहिला. "अख्ख्या अकोल्यात वाटल्या गेल्या लोकायच्या सह्या! कोणीबी गिरवते अन् जमुनाबाईचे पैसे उचलून नेते."

घरी आल्यावर आईने दार लोटलं.

"कोणाले सांगू नका. नोकरी गेली तं पोरीची शाळाबी गेली."

आबा भिंतीकडे बघत म्हणाले, "कोणी आलंच पैसे काढाले, तं मी नीट पाहीन ना सही."

"अन् तुमी रजेवर असान तवा?" मी विचारलं.

मला रडू फुटत होतं, वक्तृत्वबिक्तृत्व कुठल्या कुठे गेलं होतं. मी कार्ड पुसलं. हळद काही निघेना. तसंच मुठीत धरून मी चपला घातल्या.

"आई, आबा, मी साहेबाच्या घरी चालली. सगळ्यायच्या सह्या उद्याच बदलाले पायजेत. शाळा गेली तं जाऊ द्या. आबा, तुमी सांगता, का मी सांगू?"