बाहेरून बंद

बांधकामावर राबायला परमुलखातून आलेल्यांच्या पोरांसाठी मुकादमाने सिमेंटच्या गोदामातली एक खोली वर्गाला दिली होती. दिली म्हणजे उपकारच केले होते, आणि ते तो कुणाला विसरू देत नव्हता. त्या दिवशी वर्ग तपासायला वरच्या ऑफिसातल्या मॅडम येणार, म्हणून बाईंनी सकाळपासून जिवाचं रान केलं. दोन बाकांवर चादर टाकून घर केलं, पुठ्ठ्याची भांडी मांडली. घरघर खेळताना पोरं भराभर भाषा उचलतात, हा बाईंचा हुकमी एक्का.

मॅडम आल्या. मागोमाग मुकादमही दारात येऊन उभा राहिला.

आई कोण, बाबा कोण यावरून भांडणं होतील असं बाईंना वाटलं होतं. पोरं भांडली ती कुलूपवाला कोण यावरून. भिंगरी जिंकली. सहा वर्षांची, पण सगळ्यांना पुरून उरणारी. तिने बाकीच्यांना चादरीखाली पिटाळलं, बाहेरून लाकडी पट्टी आडवी लावली आणि कमरेवर हात ठेवून दरडावलं, "झोपा गुपचूप!"

"मला शू लागलीय," आतून एक बारीक आवाज.

"सकाळपर्यंत धर."

मजुरांच्या खोल्यांना रात्री बाहेरून कुलूप लागतं, हे बाईंना आत्ता, इथे कळत होतं.

"हे काय चाललंय?" मॅडमनी विचारलं.

मुकादम हसला, पण डोळे बाईंवरच. आधीच्या बाईंनी मजुरांच्या हालांबद्दल तोंड उघडलं, तर याने दोन दिवसांत सगळी बिऱ्हाडं दुसरीकडे हलवली होती. त्या पोरांचा आजवर पत्ता नाही. सांगावं तर ही पोरंही जाणार, न सांगावं तर कोंडलेलीच राहणार. इकडे आड, तिकडे विहीर.

"घरघर हो," बाई म्हणाल्या. "पोरांचं काय, नेहमीचंच." वर हसल्यासुद्धा. त्या हसण्याची त्यांना शिसारी आली.

मॅडमनी फोटो काढला, वहीत चांगला शेरा लिहिला आणि मुकादमाच्याच गाडीत बसून गेल्या.

भिंगरीने बाईंची बाही ओढली. "बाई, मी खेळताना विसरलेच. आई म्हणते, कुलपाचं कुणाला म्हणजे कुणाला सांगायचं नाही. तुम्ही नाही ना सांगितलंत?"

बाईंनी नाही अशी मान हलवली.

भिंगरीचा जीव भांड्यात पडला. टाचा उंचावून तिने बाईंच्या गालावरून हात फिरवला.

"शाब्बास! गुणाची गं माझी बाई."