मोहाखालचा पाला

प्रफुल सरांना खूळ लागलं होतं, आणि खुळाला औषध नसतं. कुरखेड्यापुढच्या जंगलातल्या गावात मास्तरकी मिळाली तेव्हा लोकांनी त्यांची कीव केली. सरांनी मात्र तिथलं आभाळ पाहिलं आणि बदलीचं नाव काढलं नाही. पगारातून दुर्बीण घेतली, तिला कॅमेरा जोडला. सप्तर्षींच्या शेपटाजवळ दोन दीर्घिका एकमेकींना भिडल्या आहेत. मोठी धाकटीला ओढते आणि त्या ओढाताणीत तारे विस्कटून दूरवर सांडतात. त्या सांडलेल्या ताऱ्यांचा अंधूक पट्टा फोटोत उतरवायचा, एवढाच सरांचा ध्यास.

घोडं पेंड खायचं ते धुरापाशी. ही जोडी माथ्यावर येते नेमकी मोहफुलांच्या दिवसांत, आणि तेव्हा गावातले लोक आपापल्या मोहाखालचा पाला पेटवतात. साफ जमिनीवर फूल चटकन दिसतं, भोवतालचं झुडूपही जळून जातं. दुर्बीण शाळेच्या अंगणात लागायची, आणि शाळेमागचाच मोह वच्छलाबाईंचा. सर त्यांच्या दारी गेले आणि अमावास्येपर्यंत पाला पेटवू नका म्हणाले. म्हातारीने कारण विचारलं नाही, नुसती मान डोलावली. सर खुशीत परतले.

फोटो उतरला. पट्टा लख्ख दिसत होता. सकाळी सर तो डोळे भरून पाहत होते, तेवढ्यात गावात ओरड उठली.

वच्छलाबाई पाल्यात बसून, हाताने पानं सारत, एकेक फूल वेचत होत्या. झुडपातला वाघ त्यांना दिसलाच नाही.

वनखात्याचे लोक आले, पंचनामा झाला. सरांचं नाव कोणी घेतलं नाही. उलट जंगलात आग न लावण्याचा खात्याचा नियम म्हातारीने पाळला, असं एक गार्ड कौतुकाने म्हणाला. सरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

माती झाल्यावर ते वच्छलाबाईंच्या मुलापुढे, जंगूपुढे जाऊन बसले आणि सगळं सांगितलं. जंगू दोरी वळत होता. हात न थांबवता तो म्हणाला, "मले मालूम हाये, सर. मी मायले म्हनलो, आग लाव, वाघ फिरून राह्यला. तं ते म्हने, इतक्या वर्षांत सरानं पह्यल्यांदा काही मांगलं, नाई कसं म्हनू?"

सरांना रडू आवरेना. जंगूने उठून पाणी दिलं.

"तो फोटो दाखवा ना सर," तो म्हणाला. "माय कायच्यासाठी गेली, ते पाहू द्या मले."

सरांनी तो आदल्या दिवशीच, स्वतःवरच्या संतापात, पुसून टाकला होता.