पेपर बॅगेतच आहे

...आणि ते बटण आता पडणार, हे तिला स्पष्ट दिसत होतं. पर्यवेक्षक बाईंच्या बाहीला, मनगटापाशी, एकाच दोऱ्यावर लोंबणारं पांढरं बटण. बाई बाकांमधून फिरत होत्या, वळताना ते हेलकावे खात होतं, आणि ती प्रश्नपत्रिका सोडून त्याच्याकडे बघत होती, कारण प्रश्नपत्रिका तिला वाचताच येत नव्हती. शब्द ओळखीचे होते. वर्तुळ, स्पर्शिका, बाह्यबिंदू... पण वाक्याच्या शेवटाशी पोचेपर्यंत सुरुवात पुसून जायची. बोटांना मुंग्या. आलं, तिला कळलं. सराव परीक्षेत आलं होतं तसंच.

तेव्हा तिनं कोरा पेपर दिला होता. अगदी कोरा नव्हे. क्रमांक आणि एक त्रिकोण, त्यालाही नावं न दिलेला. त्या दिवसापासून घरात सगळे तिच्याशी आजाऱ्याशी बोलावं तसं बोलायला लागले. आई येता-जाता म्हणायची, "दीर्घ श्वास घे गं." शाळेतल्या समुपदेशक बाई म्हणाल्या, डोळे मिटून एखादी शांत जागा आठव, शंभरापासून उलटे आकडे मोज. त्या भल्या होत्या, मनापासून सांगत होत्या... आता बाकावर तिनं डोळे मिटले. शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव... त्र्याण्णवपाशी तिला एकदम संताप आला. कसली शांत जागा? मी इथं बसलेय. या बाकाचा एक पाय लंगडा आहे, पुढच्या मुलीच्या वेणीतून तेलाचा वास येतोय आणि मला दोन तास मिळालेत, त्यातली वीस मिनिटं गेलीसुद्धा. छातीत धडधडतंय? धडधडू दे. मी थांबवत बसणार नाही. मला काम आहे.

धडधड थांबली नाहीच. पण पहिला प्रश्न तिनं बोट ठेवून, एकेक शब्द करत वाचला, पहिलीतल्या मुलासारखा, आणि लिहायला लागली. अक्षर वाकडं आलं, कंपास दोनदा निसटला. चौथ्यातला दुसरा भाग येत नव्हता. पूर्वी तिनं तिथं काहीबाही भरलं असतं, निदान अर्धा गुण तरी मिळेल म्हणून. आज तिनं तो सोडला, सरळ, आणि पुढं गेली.

पेपर सुटल्यावर फाटकाशी वर्गातली 'घाई' धावत आली. तिला सगळे घाईच म्हणायचे. "शेवटच्याचं साठ अंश आलं ना? साठच ना गं? सांग ना!"

"नाही सांगणार."

"म्हणजे? चुकलं?"

"म्हणजे नाही सांगणार."

घाई दुसऱ्या कुणाला तरी विचारायला पळाली. पण 'नाही सांगणार' हे आपल्याच तोंडून निघालेलं वाक्य हिला घरापर्यंत पुरलं. रस्त्यानं ती ते मनातल्या मनात म्हणून बघत राहिली, हळू, जोरात, हसून. कारण घरी टेबल मांडलेलं असणार हे तिला माहीत होतं.

बाबा जमीन मोजायचे. वीस वर्षं लोकांच्या बांधावर फीत धरून उभा राहिलेला माणूस. त्यांच्या शब्दावर दोन भाऊ भांडण मिटवायचे. प्रत्येक पेपरच्या दिवशी ते अर्धी रजा टाकून घरी येत, टेबल पुसून घेत आणि लाल पेन्सिल घेऊन प्रश्नपत्रिकेतल्या एकेका प्रश्नाचं उत्तर तिच्याकडून पुन्हा वदवून घेत. हे बरोबर. हे अर्धं. इथं कारण लिहिलंस का? नक्की लिहिलंस? आठव. परवा बीजगणिताला दोन तास चाललं होतं ते. दिलेला पेपर पुन्हा द्यायचा, आणि या वेळी परीक्षक समोर बसलेला, आपल्यासारख्याच नाकाचा. शेवटी ते म्हणाले, "चाळीसपैकी एकतीस. ठीक आहे." ते 'ठीक आहे' घेऊन ती दोन दिवस वावरली. भूमितीचं पुस्तक उघडलं की पानावर आधी तेच दिसायचं.

"ये," बाबा म्हणाले. "पाणी पी आणि पेपर आण."

"नको."

"पाणी नको?"

"पाणी पिते. पेपर देणार नाही."

"हरवला की काय?"

"बॅगेतच आहे. पण देणार नाही, बाबा. आजचा नाही, पुढचेही नाही."

आई ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. "अगं, देऊन टाक ना. त्यांना तेवढंच बरं वाटतं."

"त्यांना बरं वाटतं आणि मला पोटात दुखतं, आई. तो पेपर मी एकदा देऊन आलेय."

"मी तुझ्या भल्यासाठीच..." बाबांचा आवाज चढला आणि मध्येच तुटला. ते पेन्सिल टेबलावर नीट ठेवू पाहत होते आणि ती घरंगळत होती, पुन्हा ठेवली, पुन्हा घरंगळली. परीक्षेत तिच्या हातून कंपास असाच निसटला होता. म्हणजे हे घाबरलेत. इतके दिवस मी यांना घाबरतेय आणि हे... द्यावा का? एकच पेपर, देऊन टाकावा, काय होतंय...

"नाही," ती म्हणाली. कोणी विचारलं नव्हतं तरी म्हणाली, आणि खोलीत जाऊन दार लोटून घेतलं. कडी लावली नाही.

पलंगावर बसून ती अपराधी वाटण्याची वाट बघत राहिली. वाटलंही थोडं. पण त्याच्या खाली काहीतरी टणक होतं, पाय टेकावा असं, आणि ते तिला नवीन होतं. बाहेर खुर्ची सरकल्याचा आवाज नाही, म्हणजे बाबा अजून टेबलाशीच होते. आई त्यांना काही सांगत होती. विज्ञानाचा पेपर परवा. परवा ते पुन्हा विचारतील, आणि रागावून नाही विचारणार, हळू आवाजात विचारतील, अगदी हळू... मी लहान असताना ताप बघायला कपाळावर हात ठेवून विचारायचे तसं. त्या आवाजाला नाही म्हणणं मला आजवर जमलेलं नाही. तिनं पुस्तक उघडलं, मिटलं. ओठ हलवून, आवाज न करता, तिनं तो शब्द एकदा म्हणून पाहिला.