डाव्या शिंगाचा डूख

मी शिंगाचा पेला बोलतोय. आधीच सांगून ठेवतो, मी काही गोडबोल्या नाही. कपाटातली इतर भांडी तुम्हाला 'आम्ही झिजलो, दुसऱ्यांसाठी जगलो' असलं काहीतरी ऐकवतील. माझी गोष्ट डूख धरल्याची आहे, आणि तो मी अजून सोडलेला नाही.

माझा जन्म मिसियोनेस प्रांतातल्या कुरणात झाला, एका मारक्या बैलाच्या डोक्यावर, डाव्या बाजूला. एका गुराख्याने त्या बैलाच्या डोळ्यावर उगाचच चाबूक ओढला होता. बैलाने तीन महिने वाट पाहिली. मग एका सकाळी त्या गुराख्याची मांडी कुणी फोडली, ते विचारू नका. उजव्या शिंगाला अजून वाटतं, ते सगळं चुकून झालं.

बैल गेल्यावर एका कारागिराने मला कापलं, उकळलं, आतून खरवडलं, तळाला लाकडाचं बूड ठोकलं आणि तोंडाला पांढऱ्या धातूची कड बसवली. राजधानीच्या बाजारात जडीबुटी विकणाऱ्या आपोलोनियाबाईंनी मला हातात घेतलं, आत फुंकर मारून बघितली आणि म्हणाल्या, "हा तापट दिसतोय. चालेल. माझी पोरगी फार मऊ आहे."

ती पोरगी म्हणजे सुनिल्दा. औषधशास्त्राच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला होता. घरातली पहिलीच. कॉलेजात जाताना आईने मला तिच्या पिशवीत घातलं.

आमच्याकडे तेरेरेशिवाय दिवस सरत नाही. माझ्यात येर्बाची वाळकी पानं भरायची, धातूची नळी खोचायची आणि कुटलेल्या जडीबुटीचं बर्फगार पाणी वरून ओतायचं. एकाने ओतायचं, बाकीच्यांनी आळीपाळीने त्याच नळीने प्यायचं. उष्टं-बिष्टं कुणी मानत नाही. पहिलं पाणी मात्र माणसाने प्यायचं नाही, ते संत तोमासचं. ते कोरडी पानंच पिऊन टाकतात, पण आम्ही म्हणतो संताने घेतलं.

कॉलेजच्या अंगणात आंब्याचं मोठं झाड होतं. पहिल्याच आठवड्यात सुनिल्दा तिथे बसून पाणी ओतत होती. एक दांडगट पोरगी आली आणि तिने मला सरळ हिसकावलं.

"अगं ए! ते संताचं आहे!"

"संताची काय परीक्षा आहे आज? माझी आहे. घसा नुसता सुकलाय."

ही देल्फिना. नदीकाठच्या पिलार गावची. त्या दिवशी परीक्षेत ती नापास झाली, आणि सुनिल्दाने तिला सांगितलं की संताचं पाणी प्यायल्यावर दुसरं काय होणार. दोघी इतक्या हसल्या की मी उलटा पडलो. मला राग आला होता, पण तिची पकड मला आवडली.

पाच वर्षं मी त्या दोघींमध्ये फिरत राहिलो, म्हणून त्यांची स्वप्नं मला पाठ आहेत. देल्फिनाला पिलारमध्ये स्वतःची औषधांची प्रयोगशाळा काढायची होती. "राजधानीतून औषध यायला आठ दिवस लागतात," ती म्हणायची, "आणि आमच्याकडची पोरं आठ दिवस थांबत नाहीत." तिचा धाकटा भाऊ असाच गेला होता. सुनिल्दाला एक पुस्तक करायचं होतं. आईला ठाऊक असलेल्या एकशे चौदा जडीबुटी, प्रत्येकीचं चित्र, प्रत्येकीचा उपयोग. आणि मुखपृष्ठावर नाव आईचं.

"आईला तर वाचता येत नाही गं," देल्फिना म्हणाली.

"म्हणूनच."

दोघींनी एकमेकींची स्वप्नं अशी धरली की जणू स्वतःचीच. रसायनशास्त्रात देल्फिना तीनदा आपटली. तिन्ही वेळा सुनिल्दाने तिला अंगणात बसवून, रडवून, पुन्हा शिकवलं. आणि सुनिल्दा सापांना भ्यायची, म्हणून दर रविवारी देल्फिना बसने तिच्याबरोबर डोंगरात जायची. गुडघाभर चिखलात पुढे ती, मागे चित्रांची वही घेऊन सुनिल्दा. "साप निघाला तर मला चावेल," देल्फिना म्हणायची, "तू पान नीट काढ, देठाकडचे केससुद्धा." मी पिशवीतून हे सगळं ऐकायचो.

वही पूर्ण झाली तेव्हा आपोलोनियाबाईंनी मुलीला समोर बसवलं आणि म्हणाल्या, "आता कुलूप घाल."

बाजारातल्या जडीबुटीवाल्या बायकांची ही जुनी रीत. परक्यासमोर कुठलंही ज्ञान पूर्ण उघडं ठेवायचं नाही, कुठेतरी एक अदलाबदल करून ठेवायची. सुनिल्दाने नाइलाजाने त्रेसष्टाव्या पानावर दोन सारख्या दिसणाऱ्या झुडपांचे उपयोग उलटसुलट लिहिले. एक पोट थंड करतं, दुसरं पोट मोकळं करतं, तेही चांगलंच. छापखान्यात जायच्या दिवशी दुरुस्त करायचं, असं ठरलं.

छापून देतो म्हणाले ते त्यांचे मार्गदर्शक, डॉक्टर विल्फ्रिदो. रोज दुपारी ते आंब्याखाली यायचे, माझ्यातून चार-चार वेळा प्यायचे आणि म्हणायचे, "पोरींनो, तुम्ही तर माझा अभिमान आहात." माझी नळी त्यांच्या मिशीखाली कितीदा गेली असेल! आज आठवलं तरी शिसारी येते. वही त्यांनी घरी नेली. वर्षभराने म्हणाले, घर बदलताना हरवली.

सुनिल्दा आठ दिवस जेवली नाही. मग देल्फिना म्हणाली, "पुन्हा काढू. डोंगर कुठे पळालेत?" आणि खरंच दोघींनी पहिल्या पानापासून सुरुवात केली. तेवीस चित्रं झाली होती, आणि दुकानाच्या काचेत जाडजूड पुस्तक दिसलं. चित्रं सुनिल्दाची, शब्द तिचे, देठावरचे केससुद्धा तिचेच. मुखपृष्ठावर नाव डॉक्टर विल्फ्रिदोंचं. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच.

सुनिल्दाने ते आईपुढे ठेवलं. आपोलोनियाबाईंनी एकेक पान बोटाने चाचपलं, झाडं ओळखली, शेवटी मागचा फोटो बघितला. "झाडं माझी आहेत," त्या म्हणाल्या. "पण हा बाबा कोण?"

त्या क्षणी मी डूख धरला.

सुनिल्दा मात्र काय करत होती? तिला काळजी होती लोकांची! त्रेसष्टावं पान तसंच चुकीचं छापलेलं. कुणाला त्रास झाला तर? तिने डॉक्टरांना रजिस्टर्ड पत्र लिहिलं, की एवढं पान तरी सुधारा. उत्तर आलं, तेही कॉलेजच्या शिक्क्याचं: 'माजी विद्यार्थिनीला वनस्पतींची ओळख कमी आहे असे दिसते. आम्ही प्रत्येक वनस्पती स्वतः खुडून तपासली आहे.' चोराच्या उलट्या बोंबा! देल्फिनाने ते उत्तर दोनदा वाचलं, घडी घातली आणि नीट जपून ठेवलं.

पुढल्या फेब्रुवारीत, म्हणजे आमच्याकडच्या ऐन उन्हाळ्यात, कॉलेजचा वर्धापनदिन होता आणि पुस्तकाच्या दुसऱ्या आवृत्तीचा समारंभ. भर दुपार, अंगण माणसांनी भरलेलं. घरून निघताना सुनिल्दाने देल्फिनाचा हात धरला होता.

"नको गं. तुझ्या प्रयोगशाळेचा अर्ज त्याच्याच टेबलावर आहे. परवाना समितीचा अध्यक्ष आहे तो."

"असू दे टेबलावर. तू मला तीनदा पास केलंस. मी ह्याला एकदा नापास करते."

आपोलोनियाबाई त्यांची लाकडी उखळी घेऊन अंगणात बसल्या आणि सगळ्यांच्या देखत त्यांनी त्रेसष्टाव्या पानावरचं, थंडाव्याचं म्हणून छापलेलं झुडूप कुटलं. देल्फिनाने पाणी ओतलं. पहिलं संताला दिलं, ह्या वेळी अगदी नियमाने. मग मला घेऊन ती व्यासपीठावर गेली.

"सर, तुमच्या त्रेसष्टाव्या पानावरून केलंय. पोटाला थंडावा. तुम्ही लिहिल्याप्रमाणे मापात."

पाहुण्याला दिलेला पेला आमच्याकडे कुणी परत करत नाही, आणि उन्हाने त्यांचा जीवही कासावीस झाला होता. ते प्यायले. मी एरवी चिडलो की नळीत पान अडकवतो. त्या दिवशी एक काडी अडकू दिली नाही. एक, दोन, तीन, चार. पाचवा त्यांनी स्वतः मागून घेतला.

"सर, वनस्पती ओळखलीत ना?" देल्फिनाने माईक त्यांच्यापुढे धरला.

"अर्थात! मी स्वतः डोंगरातून खुडलेली. झोपेतसुद्धा ओळखीन हिला."

"मग हिने काय होतं तेही ओळखाल थोड्या वेळात," उखळीमागून आपोलोनियाबाई म्हणाल्या. "अहो, बाजारातलं शेंबडं पोरसुद्धा हिला हात लावत नाही. ही थंड करत नाही, धाडून देते!"

अंगण हसलं. डॉक्टरांनीही हसून भाषण सुरू केलं. देल्फिनाने दुसऱ्या माईकवर सुनिल्दाचं पत्र वाचलं, मग शिक्क्याचं उत्तर वाचलं. 'स्वतः खुडून तपासली आहे' ह्या वाक्याला डॉक्टरांचा चेहरा बदलला. ओठ मिटले, कपाळावर घाम आला, आणि तो विद्वान माणूस भाषणाचे कागद हातात घेऊन अंगणाच्या पार दुसऱ्या टोकाकडे धावत सुटला. ते कागद परत आले नाहीत. आयुष्यात इतकं गार मला कधीच वाटलं नव्हतं.

पुस्तक मागे घेतलं गेलं. चार वर्षांनी खरं पुस्तक निघालं, त्रेसष्टाव्या पानासकट बरोबर. देल्फिनाने आपोलोनियाबाईंचं बोट धरून मुखपृष्ठावरच्या अक्षरांवरून फिरवलं. "हे तुमचं नाव, मावशी." बाई बराच वेळ बोट तिथेच ठेवून बसल्या. मग म्हणाल्या, "लांब आहे की गं!" पुढच्या वर्षी त्या गेल्या.

पण डॉक्टरांनीही उट्टं काढलं. देल्फिनाचा अर्ज त्यांनी नऊ वर्षं अडवून ठेवला. तेव्हा सुनिल्दा राजधानी सोडून पिलारला आली, शाळेत शिकवू लागली, आणि दरवर्षी आपल्या सुरेख अक्षरात मैत्रिणीचा अर्ज नव्याने लिहू लागली. नऊ वर्षं, नऊ अर्ज. "पुरे झालं आता," देल्फिना म्हणायची. "तू चिखलातून पुढे चालायचीस तेव्हा मी पुरे म्हटलं होतं का?" सुनिल्दा म्हणायची. डॉक्टर निवृत्त झाले आणि आठवड्यात परवाना आला. आता त्या प्रयोगशाळेतली खोकल्याची बाटली पिलारमधल्या घरात तासाभरात पोचते.

इथे गोष्ट संपली असं तुम्हाला वाटेल. ह्या दोघींनाही तसंच वाटलं होतं.

गेल्या जानेवारीत डॉक्टर विल्फ्रिदो पिलारला आले, भाचीच्या लग्नाला. वय ऐंशीच्या पुढे, पांढरी शुभ्र विजार, हातात काठी. प्रयोगशाळेच्या ओसरीवर येऊन बसले. मला वाटलं, माफी मागतील.

"पोरींनो, पुस्तकाची नवी आवृत्ती निघतेय म्हणे. एक मागणं आहे. मुखपृष्ठावर दोन नावं घाला. आपोलोनियाबाईंचं आणि माझं. शेवटी जगापुढे आणलं ते मीच ना? लोक मला अजून त्या दुपारवरून हसतात. मरताना तरी नाव असू द्या."

देल्फिना काही बोलणार तोच सुनिल्दा म्हणाली, "बघू, सर."

"बघू? काय बघू?"

"म्हातारा माणूस आहे, देल्फिना. आणि ऊन केवढं आहे." असं म्हणून तिने मला भरलं. संताचं झालं. दुसरं तिने डॉक्टरांच्या हातात दिलं. त्यांनी मला दोन मांड्यांच्या मध्ये धरलं, मिशी पुसली आणि नळीकडे तोंड नेलं.

बेचाळीस वर्षं मी त्या दोघींचा होतो. दुष्काळात, तापात, नापासात मी कधी एक थेंब गळू दिला नाही. पण आपोलोनियाबाईंचं ते लांब नाव आता त्याच्या नावाला जागा करून देणार, हे मला सोसवेना. मी सगळा जोर एका बाजूला घेतला आणि काठापासून बुडापर्यंत फुटलो.

सगळं हिरवं, बर्फगार पाणी त्या पांढऱ्या विजारीवर. डॉक्टर किंचाळून उभे राहिले. मग देल्फिनाला हसू फुटलं, आणि सुनिल्दाला तर असं की तिला खांब धरावा लागला. डोळे पुसत पुसत ती म्हणाली, "नाही, सर. एकच नाव."

ते गेले. भाचीच्या लग्नाच्या फोटोत म्हणे ते सगळीकडे बसलेलेच आहेत.

आता मी प्रयोगशाळेच्या खिडकीत पेन्सिली धरून उभा असतो. दोघींचे केस पिकलेत, पण दुपारचं तेरेरे चुकत नाही, फक्त आता ते स्टीलच्या पेल्यात असतं. देल्फिना अधूनमधून माझी चीर चाचपते आणि म्हणते, "डिंक लावून बघूया का गं?"

तुम्ही कधी पिलारला आलात तर तिला सांगा, नको म्हणून. मला जोडू नका, फेकूही नका. फक्त त्या स्टीलच्या पेल्याशेजारी ठेवा. तो बिचारा फार सभ्य आहे, कुणाच्याही हातात जातो, कुणाच्याही तोंडाला लागतो. सुनिल्दा अजून तशीच मऊ आहे आणि डॉक्टर अजून जिवंत आहेत. मी त्या पेल्याला डूख धरायला शिकवतोय.